परदेशी मालमोटार कंपन्यांची नोंदणी

एका देशात अधिवास असलेल्या मालवाहतूक कंपनीस दुसऱ्या देशाच्या रस्त्यांवर व्यवसाय करण्यासाठी त्या दुसऱ्या देशाच्या शासनाकडून घ्यावी लागणारी मान्यता. या नोंदणीमागे तीन हेतू असतात : अपघात झाल्यास जबाबदार कोण हे निश्चित करणे, नुकसानभरपाई देण्याची कंपनीची ऐपत विम्याद्वारे पक्की करणे, आणि तिची वाहने, चालक व कामाची पद्धत सुरक्षित आहे याची खात्री करून घेणे. स्वदेशी कंपनीची कार्यालये, दप्तरे व मालमत्ता शासनाच्या आणि न्यायालयांच्या आवाक्यात असतात. परदेशी कंपनीच्या बाबतीत ती सीमेपलीकडे असल्यामुळे हे तिन्ही हेतू बव्हंशी नोंदणीच्या वेळीच साधावे लागतात. नोंदणीला दुसरीही एक बाजू आहे. ज्या कागदाने कंपनीस रस्ता खुला होतो, त्याच कागदाने तिला बाजारपेठही खुली होते. यामुळे ‘ही कंपनी सुरक्षित आहे काय?’ आणि ‘त्या देशातील कंपन्यांना येथे येऊ द्यावे काय?’ हे दोन भिन्न प्रश्न व्यवहारात एकमेकांत मिसळतात. अमेरिकेची संयुक्त संस्थाने (यापुढे अमेरिका) व मेक्सिको यांच्यामधील मालमोटार वाहतुकीचा इतिहास या दृष्टीने विशेष उद्‌बोधक आहे.

प्रकार : सीमापार मोटारवाहतुकीचे नियमन सामान्यतः दोन प्रकारे होते. पहिल्या प्रकारात दोन किंवा अधिक देश परस्परांना ठरावीक संख्येने परवाने देतात. यूरोपीय वाहतूक मंत्र्यांच्या परिषदेने १९७४ मध्ये सुरू केलेली बहुपक्षीय परवान्यांची वाटप-पद्धत या प्रकारात मोडते. यूरोपीय समुदायाने मात्र १९९३ पासून आपल्या सदस्य-राष्ट्रांपुरती संख्येची मर्यादा काढून टाकली व गुणवत्तेच्या अटींवर दिली जाणारी सामाईक अनुज्ञप्ती सुरू केली. भारत, बांगलादेश, नेपाळ व भूतान यांनी १५ जून २०१५ रोजी थिंफू येथे केलेला मोटारवाहन करारही परवान्यांवर आधारलेला असून, भूतानच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने २०१६ मध्ये त्याचे अनुसमर्थन नाकारले. दुसऱ्या प्रकारात परवान्यांची संख्या ठरविलेली नसते. जी कंपनी अटी पूर्ण करील तिची नोंदणी होते. अमेरिकेतील पद्धत या दुसऱ्या प्रकारची आहे.

पूर्वेतिहास : अमेरिकेत १९३५ च्या मोटारवाहतूक अधिनियमान्वये आंतरराज्य मालमोटार वाहतूक आंतरराज्य वाणिज्य आयोगाच्या नियंत्रणाखाली आली. नव्या कंपनीची लोकांना गरज आहे असे दाखविल्यावाचून तिला वाहतुकीचा अधिकार मिळत नसे. १९८० च्या अधिनियमाने ही अट सैल केली व प्रवेश सुलभ केला. तो कॅनडा व मेक्सिको येथील कंपन्यांनाही सुलभ झाला. परंतु त्या देशांत अमेरिकी कंपन्यांना तसाच प्रवेश मिळत नाही, अशी तक्रार पुढे आली. परिणामी १९८२ च्या बसगाडी नियमन सुधारणा अधिनियमाने दोन्ही देशांच्या कंपन्यांना नवे अधिकार देण्यास दोन वर्षांची स्थगिती दिली. कॅनडाशी त्याच वर्षी समझोता होऊन त्याच्यापुरती ती उठविण्यात आली. मेक्सिकोबाबतची स्थगिती मात्र वेळोवेळी वाढविण्यात आली. ही स्थगिती मुळात परस्परतेच्या प्रश्नावरून आली होती. सुरक्षिततेचा प्रश्न तिला नंतर येऊन जडला, ही गोष्ट पुढील वाद समजण्यासाठी महत्त्वाची आहे.

सीमेवरील वाहतुकीची रीत : स्थगितीच्या काळात मेक्सिकोच्या मालमोटारींना सीमेलगतच्या शहरांभोवतालच्या ‘व्यापारी क्षेत्रा’पर्यंतच जाता येई. या क्षेत्राचा विस्तार शहराच्या लोकसंख्येनुसार ठरतो व तो सामान्यतः शहराच्या हद्दीपासून सु. ५ ते ३२ किमी. असतो. काही ठिकाणी विशेष कायद्याने तो अधिक ठेवण्यात आला आहे. या मर्यादेतून सीमेवर एक खास रीत रूढ झाली. मेक्सिकोच्या अंतर्भागातून आलेली मालमोटार नुएव्हो लारेडोसारख्या सीमावर्ती शहरी आपला ट्रेलर सोडते. केवळ सीमा ओलांडून देण्याचे काम करणारा दुसरा ट्रॅक्टर तो ट्रेलर जोडून घेतो व पुलावरून टेक्सस राज्यातील लारेडो येथे पोहोचवितो. तेथून अमेरिकी कंपनीचा तिसरा ट्रॅक्टर तो पुढे नेतो. अशा रीतीने एका खेपेसाठी तीन चालक, तीन ट्रॅक्टर आणि बहुधा तीन कंपन्या लागतात. मधल्या टप्प्यातील ट्रॅक्टर दिवसाचा बराच वेळ रांगेत उभा असतो व परतताना पुष्कळदा रिकामा येतो. त्यामुळे या कामासाठी जुनी, लांब पल्ल्याच्या उपयोगातून निघालेली वाहने वापरण्याकडे कल राहिला.

याचा परिणाम सुरक्षिततेच्या आकडेवारीवर झाला. १९९७ या आर्थिक वर्षात सीमेवर तपासलेल्या मेक्सिकन मालमोटारींपैकी सु. ४४ टक्के गंभीर दोषांमुळे सेवाबाह्य ठरविण्यात आल्या. अमेरिकी मालमोटारींचे हे प्रमाण सु. २५ टक्के व कॅनडाच्या मालमोटारींचे सु. १७ टक्के होते. स्थगितीच्या समर्थकांनी या आकड्यांचा आधार घेतला. मात्र ही वाहने प्रामुख्याने पूल ओलांडण्याच्या कामातील होती. लांब पल्ल्याच्या वाहतुकीसाठी अर्ज करू इच्छिणाऱ्या कंपन्यांच्या वाहनांची स्थिती या आकड्यांवरून सिद्ध होत नव्हती. किंबहुना जुन्या वाहनांचा वापर हा काही अंशी स्थगितीतून उद्‌भवलेल्या रीतीचाच परिणाम होता.

मुक्त व्यापार करार व लवादाचा निर्णय : अमेरिका, कॅनडा व मेक्सिको यांचा उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार करार (नाफ्टा) १७ डिसेंबर १९९२ रोजी स्वाक्षरित होऊन १ जानेवारी १९९४ पासून अंमलात आला. त्यानुसार मेक्सिकन मालमोटारींना डिसेंबर १९९५ पासून कॅलिफोर्निया, ॲरिझोना, न्यू मेक्सिको व टेक्सस या सीमावर्ती राज्यांत आणि १ जानेवारी २००० पासून सबंध अमेरिकेत आंतरराष्ट्रीय माल नेण्या-आणण्याची मुभा मिळावयाची होती. अमेरिकी कंपन्यांनाही मेक्सिकोत तशीच मुभा अभिप्रेत होती. प्रत्यक्षात डिसेंबर १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या शासनाने सुरक्षिततेचे कारण देऊन हा कार्यक्रम लांबणीवर टाकला. अर्ज स्वीकारले जात. पण त्यांवर निर्णय दिला जात नसे. टीमस्टर्स ही मालमोटार-चालकांची कामगार संघटना या प्रवेशाच्या विरोधात आघाडीवर होती. सुरक्षिततेइतकीच तिला सभासदांच्या रोजगाराची चिंता होती. मेक्सिकोनेही अमेरिकी मालमोटारींना आपली दारे बंद ठेवली.

मेक्सिकोच्या तक्रारीवरून नेमलेल्या पाच सदस्यांच्या लवाद मंडळाने ६ फेब्रुवारी २००१ रोजी एकमताने निर्णय दिला. मेक्सिकोतील सुरक्षा-नियमन अपुरे आहे एवढ्याच कारणावरून त्या देशाच्या सर्व कंपन्यांचे अर्ज न तपासता अडवून ठेवणे हा कराराचा भंग ठरतो, असे मंडळाने म्हटले. त्याचबरोबर, मेक्सिकन अर्जदारांची तपासणी अमेरिकी किंवा कॅनडाच्या अर्जदारांच्या तपासणीसारखीच असली पाहिजे असे बंधन नाही. सुरक्षिततेची खरीखुरी काळजी असेल तर ती अधिक कडकही असू शकते, असेही मंडळाने स्पष्ट केले. थोडक्यात, प्रत्येक कंपनीची पारख करण्याचा अधिकार अमेरिकेकडे राहिला. सर्वांना सरसकट नाकारण्याचा अधिकार मात्र मान्य झाला नाही. पुढील नोंदणी-पद्धतीचा पाया या निर्णयात आहे.

नोंदणीची कार्यपद्धती : आंतरराज्य वाणिज्य आयोग १९९५ च्या अखेरीस बरखास्त झाला. मोटारवाहतुकीच्या सुरक्षिततेसाठी १ जानेवारी २००० पासून अमेरिकी परिवहन विभागात संघीय मोटारवाहतूक सुरक्षा प्रशासन ही स्वतंत्र संस्था अस्तित्वात आली. अमेरिकी काँग्रेसने डिसेंबर २००१ मध्ये परिवहन विभागाच्या विनियोजन अधिनियमातील कलम ३५० अन्वये मेक्सिकन कंपन्यांच्या नोंदणीसाठी सविस्तर अटी घातल्या व प्रशासनाने मार्च २००२ मध्ये त्यांनुसार नियम प्रसिद्ध केले. या नियमांनी अर्जदारांचे दोन वर्ग केले : सीमेलगतच्या व्यापारी क्षेत्रापुरतीच वाहतूक करणारे आणि त्यापलीकडे जाऊ इच्छिणारे. दोन्ही वर्गांसाठी वेगवेगळे अर्जनमुने असून दुसऱ्या वर्गाच्या अटी अधिक कडक आहेत.

अर्जात कंपनीची मालकी, वाहनांची व चालकांची संख्या, मालाचा प्रकार आणि विशेषतः धोकादायक मालाची वाहतूक यांविषयी माहिती द्यावी लागते. अपघातांची नोंद, वाहनांची देखभाल, चालकांची निवड व त्यांच्या कामाच्या तासांवरील देखरेख कंपनीत कोण व कशी करते, हेही लिहून द्यावे लागते. कंपनी ज्या राज्यांतून वाहतूक करणार, तेथे न्यायालयीन समन्स स्वीकारणारा प्रतिनिधी तिला नेमावा लागतो. अपघातग्रस्तास परदेशी कंपनीविरुद्ध आपल्याच राज्यातील न्यायालयात दाद मागता यावी, हा त्यामागील हेतू होय. सर्वसाधारण मालाची वाहतूक करणाऱ्या जड वाहनांसाठी किमान ७,५०,००० डॉलरचे विमा-संरक्षण आवश्यक असून काही धोकादायक पदार्थांसाठी ही मर्यादा ५० लाख डॉलरपर्यंत जाते.

व्यापारी क्षेत्रापलीकडे जाऊ इच्छिणाऱ्या कंपनीस तात्पुरता अधिकार मिळण्यापूर्वीच सुरक्षा-परीक्षेतून जावे लागते. तीत पाच गोष्टी प्रामुख्याने पाहिल्या जातात : मादक द्रव्ये व मद्य यांसाठी चालकांची चाचणी घेण्याची व्यवस्था, चालनकालाच्या नोंदी, विमा, चालकांची पात्रता, आणि वाहनांची तपासणी व दुरुस्ती यांच्या नोंदी. अशा परीक्षांपैकी किमान निम्म्या मेक्सिकोतील कंपनीच्या कार्यालयात जाऊन घेतल्या पाहिजेत, असे कलम ३५० मध्ये नमूद आहे. अमेरिका व कॅनडा येथील नव्या कंपनीची सुरक्षा-तपासणी तिचा व्यवसाय सुरू झाल्यानंतर ठरावीक मुदतीत होते. मेक्सिकन कंपनीची ती आधी होते. लवाद मंडळाने मान्य केलेली वेगळी वागणूक म्हणतात ती मुख्यतः हीच.

सुरक्षा-अनुपालन : परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या कंपनीस तात्पुरता अधिकार व तिची वाहतूक वेगळी ओळखता येईल असा नोंदणी-क्रमांक देण्यात येतो. निदान १८ महिने तिच्यावर विशेष देखरेख असते आणि या मुदतीत सर्वंकष तपासणी होऊन समाधानकारक श्रेणी मिळाल्यासच अधिकार कायम होतो. दरम्यान तिच्या प्रत्येक वाहनावर मान्यताप्राप्त निरीक्षकाने लावलेले तपासणी-चिन्ह असावे लागते. ते तीन महिन्यांपुरतेच वैध असते आणि अधिकार कायम झाल्यानंतरही तीन वर्षे त्याचे नूतनीकरण करावे लागते. वैध अनुज्ञप्तीवाचून चालक नेमणे, सेवाबाह्य ठरविलेले वाहन दुरुस्तीविना चालविणे, विम्यावाचून वाहतूक करणे यांसारख्या प्रमादांबद्दल तातडीची कारवाई होते. ९० दिवसांत किमान तीन तपासण्या होऊन त्यांतील निम्म्या किंवा अधिक तपासण्यांत वाहन वा चालक सेवाबाह्य ठरल्यासही तीच कारवाई होते.

चालकाच्या बाबतीत मेक्सिकोची संघीय चालक-अनुज्ञप्ती अमेरिकेच्या व्यापारी चालक-अनुज्ञप्तीशी समकक्ष मानली जाते. याविषयी दोन्ही देशांत १९९१ मध्ये समझोता झाला. अमेरिकेच्या हद्दीत मात्र चालकास तेथील चालनकालाचे नियम पाळावे लागतात : सलग १० तासांच्या विश्रांतीनंतर कामावर आल्यापासून १४ तासांच्या आत जास्तीत जास्त ११ तास वाहन चालविता येते. सीमेपूर्वी मेक्सिकोत केलेले कामही या हिशेबात धरले जाते. अन्यथा थकलेला चालक सीमा ओलांडताच ताजातवाना ठरला असता. चालकास इंग्रजी भाषेचे कामापुरते ज्ञान असावे, असाही जुना नियम आहे. २५ जून २०२५ पासून या नियमाचा भंग करणाऱ्या चालकास सेवाबाह्य ठरविण्याचे धोरण लागू झाले; तथापि सीमेलगतच्या व्यापारी क्षेत्रातील चालकांना त्यातून सूट देण्यात आली. वाहनाच्या वजनावरही मर्यादा असते. मेक्सिकोतील मर्यादा अधिक असली, तरी अमेरिकेच्या आंतरराज्य महामार्गांवर विशेष परवान्याशिवाय एकूण वजन ८०,००० पौंडांपेक्षा (सु. ३६.३ मेट्रिक टन) अधिक चालत नाही. शिवाय परदेशी कंपनीस फक्त आंतरराष्ट्रीय माल नेता येतो. अमेरिकेतील एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी देशांतर्गत माल वाहून नेण्यास तिला मनाई आहे.

अंमलबजावणीतील वाद : राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी नोव्हेंबर २००२ मध्ये स्थगिती उठविण्याचा आदेश काढला. परंतु पर्यावरणावरील परिणामांचा पुरेसा विचार झाला नाही, या कारणावरून एका संघीय अपील न्यायालयाने जानेवारी २००३ मध्ये नवे नियम अडविले. सर्वोच्च न्यायालयाने ७ जून २००४ रोजी हा निर्णय एकमताने फिरविला. स्थगिती ठेवणे किंवा उठविणे हा राष्ट्राध्यक्षांचा अधिकार आहे. ती उठल्यावर अटी पूर्ण करणाऱ्या कंपनीस नोंदणी नाकारण्याचा अधिकार सुरक्षा प्रशासनास नाही. त्यामुळे जे टाळणे आपल्या हाती नाही, त्याच्या पर्यावरणीय परिणामांचा हिशेब देण्यास ते बांधील नाही, असा या निर्णयाचा आशय आहे. देशास प्रवेश द्यावा की न द्यावा हे धोरण आणि कंपनी पात्र आहे की नाही हा निवाडा यांमधील सीमारेषा त्यात स्पष्ट झाली.

सप्टेंबर २००७ मध्ये कमाल १०० मेक्सिकन कंपन्यांसाठी एक प्रायोगिक कार्यक्रम सुरू झाला. मार्च २००९ मध्ये काँग्रेसने त्याचा निधी तोडल्याने तो बंद पडला. मेक्सिकोने लगेच सु. २४० कोटी डॉलर किंमतीच्या ८९ अमेरिकी वस्तूंवर प्रत्याघाती आयातशुल्क बसविले. त्यांत द्राक्षे, नासपती व गोठविलेले बटाट्याचे काप यांचा समावेश होता. मालमोटारींच्या वादाची झळ अशा रीतीने त्यांच्याशी संबंध नसलेल्या शेतकऱ्यांना लागली. ६ जुलै २०११ रोजी दोन्ही देशांत समझोता होऊन मेक्सिकोने शुल्क निम्म्यावर आणले. २१ ऑक्टोबर २०११ रोजी नव्या पथदर्शी कार्यक्रमातील पहिली मालमोटार लारेडो येथे सीमा ओलांडून गेली व उरलेले शुल्कही स्थगित झाले. तीन वर्षांच्या या कार्यक्रमात सहभागी वाहनांवर त्यांचा मार्ग व चालनकाल नोंदविणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणे बसविण्यात आली. त्यात १५ कंपन्यांनी भाग घेतला व त्यांच्या वाहनांनी २८,००० हून अधिक वेळा सीमा ओलांडली. त्यांची सुरक्षा-कामगिरी अमेरिकी व कॅनडाच्या कंपन्यांच्या तोडीची असल्याचा निष्कर्ष परिवहन विभागाने काढला व जानेवारी २०१५ मध्ये लांब पल्ल्याच्या वाहतुकीचे अर्ज नियमितपणे स्वीकारण्याची घोषणा केली. टीमस्टर्स व इतरांनी त्यास दिलेले आव्हान अपील न्यायालयाने २०१७ मध्ये फेटाळले.

नाफ्टाची जागा १ जुलै २०२० पासून अमेरिका-मेक्सिको-कॅनडा कराराने घेतली. त्यानुसार मेक्सिकन कंपन्यांच्या लांब पल्ल्याच्या वाहतुकीमुळे अमेरिकी वाहतूक-उद्योगास मोठी हानी पोहोचते किंवा पोहोचण्याचा धोका आहे, असे चौकशीअंती आढळल्यास तशा अधिकारांवर मर्यादा घालण्याची मुभा अमेरिकेस मिळाली. ही चौकशी आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे सोपविलेली असून तिच्यात सुरक्षितता हा निकष नाही.

मूल्यमापन : नोंदणीतून कंपनीची ओळख, विमा, दप्तर व वाहने यांची पारख होऊ शकते व ती परदेशी कंपनीच्या बाबतीत अधिक कसोशीने करणे न्याय्यही ठरते. देशातील उद्योगाचे व रोजगाराचे रक्षण हाही शासनाचा वैध हेतू असू शकतो. परंतु तो सुरक्षिततेच्या नावाखाली साधू गेल्यास दोन्हींची हानी होते. अमेरिका-मेक्सिको सीमेवर बंदीच्या काळात लांब पल्ल्याच्या मेक्सिकन मालमोटारी अमेरिकेच्या अंतर्भागात आल्या नाहीत. मात्र जुनी वाहने पुलावरून रोज ये-जा करीतच राहिली आणि ज्या कंपन्यांना कडक परीक्षा देऊन आपली लायकी सिद्ध करता आली असती, त्यांना ती संधी मिळाली नाही. २०२० च्या कराराने आर्थिक हानीचा निकष उघडपणे व स्वतंत्र चौकशीच्या स्वरूपात मांडला. त्यामुळे सुरक्षा प्रशासनापुढील प्रश्न पुन्हा त्याच्या मूळ रूपात उरतो : समोर आलेल्या या एका कंपनीचे ब्रेक, दप्तर आणि चालक विश्वासार्ह आहेत की नाहीत.